मे महिन्यातल्या शिकवण्याचे पैसे : अध्ययन अक्षम मुलांच्या उन्हाळी वर्गाचा खर्च कोण करतं?

वार्षिक परीक्षा जवळ आली की अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या आईवडिलांचा एक प्रश्न हमखास येतो. सुटीत याचा वर्ग चालू ठेवायचा आहे, सरकारकडून त्यासाठी काही मिळतं का? सरळ उत्तर द्यायचं तर ‘उन्हाळी वर्गासाठी अनुदान’ अशा नावाची योजना महाराष्ट्रात शोधत बसू नका. पैसा आहे, पण तो वेगवेगळ्या खिशांत आहे. प्रत्येक खिशाला स्वतःची अट आहे आणि नेमक्या मे महिन्यात त्यातले बहुतेक खिसे बंद असतात. ते का बंद असतात आणि कोणता कधी उघडतो, हे एकदा नीट समजलं तर दहा-बारा मुलांचा वर्ग उभा करणं अशक्य नाही.

आधी मुलांबद्दल थोडं. अध्ययन अक्षमता म्हणजे मतिमंदत्व नव्हे. मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते. डोळे, कान ठीक असतात, शाळेतही तो नियमित जातो, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी काहीतरी वयाप्रमाणे जमत नाही. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात असेल तर डिसग्राफिया, आकडेमोडीत असेल तर डिसकॅल्क्युलिया. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे, त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ स्पष्ट नोंदवलेली आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. हा फरक पुढे पैशाच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो.

या मुलांना सुटी महाग का पडते, हे देवनागरी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. एकटा ‘र’ घ्या. रस, सूर्य, प्रकाश, ट्रक, सुऱ्या: पाच शब्दांत त्याची पाच रूपं. इतर मुलं ही रूपं वाचता वाचता उचलतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला प्रत्येक रूप वेगळं, पुन्हा पुन्हा, ऐकून, बोलून, बोटाने गिरवून शिकवावं लागतं. वेलांटी पहिली की दुसरी, मात्रा अक्षराच्या डोक्यावर असली तरी तिचा उच्चार अक्षरानंतर का येतो, जोडाक्षरात कोणतं अक्षर अर्धं, या सगळ्याचा सराव रोज थोडा थोडा झाला तरच टिकतो. ऑगस्ट ते एप्रिल असं आठ-नऊ महिने घासून जे हाताशी आलेलं असतं, ते सहा-सात आठवड्यांच्या खंडात सुटू लागतं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वर्ग पुढच्या इयत्तेचा धडा सुरू करतो आणि हे मूल मात्र गेल्या डिसेंबरात जिथे होतं तिथे असतं. दरवर्षी ही पिछाडी वाढत जाते.

मग व्यवस्था मे महिन्यात काय करते? शिक्षणहक्क कायदा २००९ शाळेला पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस भरायला सांगतो. तासही ठरलेले आहेत: ८०० आणि १०००. हे दिवस भरले की शाळेचं काम कायद्याच्या दृष्टीने पूर्ण. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ शाळांना सांगतं की अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखा आणि ती दूर करण्यासाठी योग्य अध्यापन उपाय करा. पण हे उपाय सुटीतही चालू राहिले पाहिजेत, असं कुठेच लिहिलेलं नाही. केंद्र आणि राज्य मिळून चालवतात त्या ‘समग्र शिक्षा’ या शालेय शिक्षणाच्या योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, तोही वर्षातल्या १० महिन्यांसाठी. उरलेले दोन महिने कोणते, हे सांगायला नको.

यात आर्थिक वर्षाची भर पडते. सरकारी आणि कंपन्यांचा हिशेब ३१ मार्चला संपतो. मार्चअखेर सगळीकडे खर्च उरकण्याची घाई असते. एप्रिलमध्ये नवं वर्ष लागतं, पण नव्या वर्षाचे आराखडे मंजूर होऊन पहिला हप्ता खाली पोचेपर्यंत पावसाळा उजाडतो. सुटी नेमकी या दोन वर्षांच्या फटीत येते. उन्हाळी वर्गांना पैसे मिळत नाहीत यामागे कुणाचा दुष्टपणा असेलच असं नाही, पण तारखांचं हे गणित जवळजवळ नेहमीच असतं. मार्चमध्ये अर्ज घेऊन गेलेल्या संस्थेला ‘आता बजेट संपलं’ ऐकावं लागतं आणि मेमध्ये गेलेल्या संस्थेला ‘अजून आलं नाही’.

अमेरिकेत हाच प्रश्न न्यायालयात सुटला. तिथल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा मूळ कायदा १९७५ चा. पेनसिल्व्हेनिया राज्यात तेव्हा नियम होता की सरकारी शाळा वर्षाला १८० दिवसांचंच शिक्षण देईल, त्यापुढे नाही. दिव्यांग मुलांच्या पालकांनी तो नियम न्यायालयात नेला. १९७९ मध्ये ‘आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन’ खटल्यात निकाल लागला की प्रत्येक मुलाची गरज वेगळी असताना सगळ्यांना १८० दिवसांची एकच कात्री लावता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानेही तो नियम टिकू दिला नाही. त्यातून ‘वाढीव शालेय वर्ष’ ही सोय आली. मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात सुटीतल्या वर्गाची गरज नोंदली गेली, तर तो वर्ग देणं शाळेवर बंधनकारक असतं आणि पालकांकडून फी घेता येत नाही. ही सोय ठरावीक प्रकारच्या अक्षमतांनाच देऊ, अशी मर्यादाही शाळेला घालता येत नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं: आराखड्याच्या वार्षिक बैठकीत सुटीचा विषय तुम्ही स्वतः काढा, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा.

तिथेही पैशाचं दुखणं आहेच. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा जो जास्तीचा खर्च होतो, त्यापोटी देशाच्या सरासरी दरडोई शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र सरकार उचलेल, असं १९७५ च्या कायद्याने म्हटलं होतं. तो आकडा आजवर कधीच गाठला गेलेला नाही. बाकीचा भार राज्यं आणि स्थानिक शाळा-मंडळं वाहतात. तरीही तिथल्या पालकाच्या हातात हक्क आहे आणि आपल्या पालकाच्या हातात विनंती आहे. या फरकाची किंमत आपली मुलं मोजतात.

तिथून एक गोष्ट आपण फुकट उचलू शकतो, ती म्हणजे मोजण्याची पद्धत. सुटीतल्या वर्गाची गरज ठरवताना तिथे मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: खंड पडल्यावर मूल किती मागे गेलं, आणि शाळा उघडल्यावर पुन्हा तिथे पोचायला त्याला किती आठवडे लागले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, आणि जूनमध्ये शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात तोच उतारा दिल्यावर किती. एवढी नोंद मुलाच्या वहीत दोन वर्षांची असेल तर दात्याला भाषण द्यावं लागत नाही.

आता खर्चाकडे येऊ. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा मांडा. समजा १२ मुलं, ६ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, रोज ३ तास. म्हणजे ३० दिवस. अशा वर्गात एका शिक्षकाकडे तीनपेक्षा जास्त मुलं देऊ नयेत, म्हणून ४ विशेष शिक्षक. प्रत्येकाला दिवसाला १,००० रुपये धरले तर मानधन १,२०,००० रुपये. सुरुवातीची आणि शेवटची चाचणी मिळून मुलामागे २,००० म्हणजे २४,०००. शैक्षणिक साहित्य मुलामागे १,००० म्हणजे १२,०००. खाऊ दिवसाला ४० रुपये म्हणजे १४,४००. येण्याजाण्याचा खर्च दिवसाला ५० रुपये म्हणजे १८,०००. जागा शाळेने फुकट दिली असं धरू, तरी वीज, पाणी, सफाईला ६,००० आणि हिशेब तपासणी वगैरेला ५,६००. एकूण बरोबर २ लाख. एका मुलामागे साधारण १६,७०० रुपये आणि शिकवण्याच्या एका तासामागे १८५ रुपये.

या हिशेबात ६० टक्के रक्कम शिक्षकांच्या मानधनाची आहे. यालाच पैसे मिळणं सर्वांत अवघड असतं. दाते टॅब्लेट देतात, दप्तरं देतात, संगणक कक्षाला नाव देतात, पण मानधन म्हटलं की हात आखडतो. वस्तूचा फोटो येतो, तिच्यावर नावाची पट्टी लागते. आईशेजारी बसून पहिल्यांदा न अडखळता वाचलेल्या परिच्छेदावर पट्टी लावता येत नाही. आमदार निधी आणि खासदार निधी यांचे नियमही मुख्यतः टिकाऊ मालमत्तेसाठी आहेत, त्यातून खोली होईल, पण खोलीत शिकवणाऱ्याचा पगार होणार नाही. म्हणून निधी मागणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं: अर्जात शिक्षकाचे तास सर्वांत वर लिहा. साहित्य खाली. या मुलांवरचा उपचार म्हणजे प्रशिक्षित माणसाचा वेळ, त्याला दुसरा पर्याय नाही. आणि हा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला विशेष शिक्षक असावा. मोठ्या वर्गाला शिकवण्यात तरबेज असलेला चांगला शिक्षकही या कामाचं प्रशिक्षण नसेल तर मुलाकडून तीच चूक पुन्हा पुन्हा गिरवून घेतो.

पैशाआधी कागद लागतो, तो म्हणजे निदानाचा दाखला. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ८ वर्षं आणि त्यापुढच्या मुलालाच द्यायचं, आणि पुढे वयाच्या १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करायची, असं ठरवलं होतं. ठरवून दिलेल्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत तपासणी होते. मुंबईत सायन, नायर, केईएम ही नावं पालकांना पाठ असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं, आणि तिथे या तपासणीचा माणूस नेमका कोणत्या वारी असतो ते आधी विचारून जाणं शहाणपणाचं. तपासणी मराठीत व्हावी असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजी वाचनावरून परीक्षा घेऊन काढलेला निष्कर्ष कुणाच्याच कामाचा नसतो.

लक्षात ठेवा, बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठीचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हे वेगवेगळे कागद आहेत. दिव्यांगांच्या बहुतेक आर्थिक योजना ४० टक्के किंवा अधिक अक्षमता मागतात. ज्या मुलाचं प्रमाण त्याखाली ठरतं, त्याला मदतीची गरज असूनही या दारातून आत जाता येत नाही. त्याच्यासाठी खासगी दाते आणि कंपन्यांचा निधी हाच मुख्य मार्ग उरतो, कारण तिथे ही अट नसते.

महाराष्ट्राने १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय. देशात हे आपण लवकर केलं आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण सवलत परीक्षेच्या दिवशी मिळते. तिला सरकारी तिजोरीतून फारसा पैसा लागत नाही. त्याआधीची आठ वर्षं मुलाला वाचायला शिकवण्याला मात्र लागतो, आणि तो भार आपण घराघरांवर टाकला. ज्यांना परवडलं त्यांनी रेमेडिअल शिक्षक लावले. ज्यांना परवडलं नाही त्यांची मुलं ‘अभ्यासात लक्ष नाही’ या शेऱ्यासकट पुढे ढकलली गेली.

सरकारी खिशांपैकी सर्वांत मोठा समग्र शिक्षाचा. २०१८-१९ पासूनच्या या योजनेत पहिली ते बारावीच्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. हे पैसे पालकांच्या हातात येत नाहीत, त्यातून तपासणी शिबिरं, साहित्य, मदतनीस आणि प्रवास भत्ता असे खर्च होतात. आपल्या उदाहरणातल्या १२ मुलांची सगळी रक्कम मिळाली असं धरलं तरी ४२,००० होते, २ लाखांच्या जेमतेम एक पंचमांश, आणि तीही पूर्ण वर्षाची. तरीही हा खिसा सोडू नये, कारण या योजनेचे विशेष शिक्षक आणि तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्राची खोली, दोन्ही आधीच गावाच्या जवळ आहेत. अट एवढीच की मुलाची नोंद शाळेच्या यू-डायस माहितीत, म्हणजे शाळा सरकारला दरवर्षी भरून देते त्या माहितीत, ‘विशेष गरजा असलेलं मूल’ म्हणून झालेली हवी. कित्येक मुख्याध्यापक ‘कशाला मुलावर शिक्का’ म्हणून ती नोंद टाळतात. हेतू चांगला असतो, परिणाम असा होतो की आराखडा करताना ते मूल मोजलंच जात नाही. विशेष शिक्षकांची संख्याही या नोंदींवर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केलं. नोंद नसलेलं मूल या दहांत धरलं जात नाही.

दुसरा खिसा गावातच असतो आणि तो फार थोड्या पालकांना माहीत असतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो सारख्या रकमेने वाटून टाकला जातो किंवा सायकली, घरघंटी अशा वस्तूंवर जातो. अंध आणि अस्थिव्यंग बांधवांना त्याची गरज आहेच, त्यांच्या तोंडचा घास कुणी काढू नये. पण अध्ययन अक्षमताही कायद्याने त्याच यादीत आहे, आणि ‘तालुक्यातल्या मुलांसाठी सहा आठवड्यांचा उपचारात्मक वर्ग’ हा ठराव ग्रामसभेत किंवा पंचायत समितीत मांडता येतो. लहान ग्रामपंचायतीचे ५ टक्के म्हणजे काही हजार रुपये असतील. पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून एका केंद्रशाळेत वर्ग घेतला तर तेवढ्यातही शिक्षकांच्या मानधनाचा काही भाग निघतो. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातल्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या, ५ टक्क्यांसाठी समाजकल्याण विभागाकडे अर्ज करा, आणि राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागालाही त्याची प्रत पाठवा.

काही दारं मात्र या मुलांसाठी नाहीत, तिथे हेलपाटे घालू नका. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना एक लाखापर्यंत संरक्षण देते, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरती आहे. केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीसाठी आहे आणि ४० टक्क्यांचा दाखला असेल तर जरूर घ्यावी, पण तिसरी-चौथीतल्या मुलाला, ज्याला वर्गाची खरी गरज आहे, तिचा उपयोग नाही. आयकराचंही नीट पाहा. अवलंबित दिव्यांगासाठीची ७५,००० रुपयांची वजावट, जी सगळे ८०डीडी म्हणून ओळखतात, तिची व्याख्या १९६१ च्या कायद्यात १९९५ च्या जुन्या अपंग कायद्याला बांधलेली होती. त्या जुन्या यादीत अध्ययन अक्षमता नव्हती. म्हणजे एका कायद्याने दिव्यांग मानलेलं मूल दुसऱ्या कायद्याच्या हिशेबात नव्हतं. वजावट दाखवण्याआधी सध्याच्या व्याख्येत आपलं मूल बसतं का, हे सीएकडून लेखी घ्या.

आता कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीबद्दल सविस्तर लिहितो, कारण शिक्षकाचे तास विकत घेण्यासाठी सध्या हाच सर्वांत उपयोगाचा पैसा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. कशावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि त्यात शिक्षणाबरोबर ‘विशेष शिक्षण’ हा शब्द उघड लिहिलेला आहे. म्हणजे आपला वर्ग ओढूनताणून बसवावा लागत नाही. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या शाळांना हे सोयीचं आहे.

सगळे मोठ्या नावांच्या मागे लागतात. माझ्या मते पाच-सात कोटी नफ्याची मधली कंपनी जास्त चांगली. तिची सीएसआर रक्कम १०-१५ लाखांची असते. ५० लाखांपर्यंतची रक्कम असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. दोन लाखांचा प्रस्ताव तिथे नीट वाचला जातो. मालक शाळेत येऊन मुलांना भेटूही शकतो.

कंपनीत हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे: ‘आम्हाला पगारावर पाच टक्क्यांच्या वर खर्च करता येत नाही.’ हा गैरसमज आहे. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख आणि मूल्यमापन करणं, यासाठी थेट झालेला खर्च त्या मर्यादेत येत नाही, असं नियमातच म्हटलं आहे. वर्गात शिकवणाऱ्याचं मानधन हा थेट प्रकल्पाचा खर्च आहे. हे नम्रपणे आणि नियमाचा उतारा सोबत ठेवून सांगा. आणखी एक: केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वर्ग काढला तर तो खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही.

मे महिन्याच्या फटीवरही सीएसआरच्या नियमांत उपाय आहे. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घ्या. असा प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालू शकतो, आणि मार्चअखेर न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत कंपनीच्या स्वतंत्र खात्यात ठेवून पुढे वापरता येते. म्हणून प्रस्तावात फक्त उन्हाळा लिहू नका. जानेवारीत मुलांची निवड आणि सुरुवातीची चाचणी, मार्चमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण, मे-जूनमध्ये वर्ग, ऑगस्टमध्ये फेरतपासणी असा सलग प्रकल्प मांडा. विदर्भात ऊन लक्षात घेऊन वर्ग सकाळी साडेसात ते साडेदहा ठेवा, आणि तसं प्रस्तावातही लिहा.

संस्थेचे कागद आधीच तयार हवेत: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता (पहिली संस्थेच्या करसवलतीसाठी, दुसरी देणगीदाराच्या), पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी. शेवटची नसेल तर कंपनी इच्छा असूनही पैसे देऊ शकत नाही. या सगळ्या मान्यता मिळायला वेळ लागतो. तोपर्यंत थांबायचं नसेल तर नोंदणी असलेल्या जवळच्या संस्थेच्या छत्राखाली पहिलं वर्ष काढा. व्यक्तिगत देणगीदारांना सांगून ठेवा की रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही, धनादेशाने किंवा बँकेतून द्या.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग मला मनापासून पटतो. विशेष शिक्षणातलं बी.एड. किंवा डी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मुलांबरोबर सरावाचे तास भरावेच लागतात. जवळच्या महाविद्यालयाशी बोलून ते तास तुमच्या वर्गात ठेवता आले तर चार अनुभवी शिक्षकांऐवजी दोन अनुभवी आणि चार शिकाऊ असा संच होतो. देखरेख मात्र अनुभवी माणसाची, त्यात काटछाट नको. पालकांकडून अगदी काहीच फी घेऊ नये की थोडी घ्यावी, यावर संस्थांत मतभेद आहेत. ज्या घरात मे महिन्यात आईवडील दोघं कामाला जातात आणि मोठं मूल धाकट्याला सांभाळतं, त्या घरातल्या मुलाने वर्ग सोडायला शंभर रुपयांची फीसुद्धा पुरते. मी फुकटच्या बाजूचा आहे, आणि धाकट्या भावंडाला शेजारच्या खोलीत बसू देण्याच्याही.

तारखा अशा धरा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलांची यादी आणि दाखले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंपन्यांकडे प्रस्ताव. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत, आणि २६ जानेवारीच्या सभेत तर नक्कीच, ५ टक्के निधीचा ठराव. डिसेंबर-जानेवारीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून शाळेची खोली आणि विशेष शिक्षक मिळण्यासाठी लेखी परवानगी. मार्च संपण्याआधी निदान पहिला हप्ता खात्यात.

आणि तुमच्या गावात असं मूल एकच असेल, संस्था नसेल, कंपनी नसेल, तर? तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना एप्रिलमध्येच भेटा आणि सहा आठवड्यांचा घरचा सराव लिहून मागा: रोज २० मिनिटं, कोणतं अक्षर, कोणता शब्दगट, कोणता उतारा. आठवड्यातून एकदा फोनवर त्यांना मुलाचं वाचन ऐकवा. सुरुवातीला आणि शेवटी एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द तारखेसह वहीत लिहा, त्या पानावर वर्गशिक्षकांची सही घ्या, आणि एक प्रत मुख्याध्यापकांकडे यू-डायसची माहिती भरली जाण्याआधी द्या, म्हणजे पुढच्या आराखड्यात ते मूल धरलं जाईल.